कुलूपबंद घरें आणि दाटीचीं बिऱ्हाडें

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं घर बांधणाऱ्यास एवढें तरी निश्चित ठाऊक असे कीं, बांधलेल्या घरांत कोणी तरी राहावयाचें आहे. मालक स्वतः राहील, त्याचा मुलगा राहील, नाहींतर चार खोल्यांत चार बिऱ्हाडें येतील. परंतु घर उभें करावें, त्यास रंग द्यावा, दारास कुलूप लावावें आणि किल्ली कपाटांत ठेवून निश्चिंत बसावें, ही कल्पना त्यास वेडेपणाचीच वाटली असती. आज ही गोष्ट इतकी नित्याची झाली आहे कीं, तिचें कोणासच नवल वाटत नाहीं.

ठाण्याहून कशेळी-काल्हेरच्या रस्त्यानें सायंकाळीं भिवंडीस परतणाऱ्या पालकांनीं वाटेंतील नव्या उंच इमारतींकडे एकदां सावकाश पाहावें आणि कोणत्या खिडकींत दिवा आहे व कोणत्या खिडकींत नाहीं, हें मनाशीं मोजावें. त्याच रस्त्यानें पुढें शहरांत शिरलें म्हणजे यंत्रमागांच्या वस्तींत एकेका खोलींत दहा-दहा, बारा-बारा कामगार पाळीपाळीनें निजतांना आढळतात. दिवसपाळीचा मनुष्य उठून गेला कीं त्याच अंथरुणावर रात्रपाळीचा मनुष्य पाठ टेकतो. या दोन दृश्यांचा एकमेकांशीं कांहीं संबंध आहे काय, हाच प्रस्तुत लेखाचा विषय होय.

प्रथम आकडे पाहूं, कारण या विषयांत अंदाजानें बोलणारे पुष्कळ आहेत. २०११ च्या जनगणनेंत भारतांत एकूण सुमारें ३३ कोटि घरें मोजण्यांत आलीं. त्यांपैकीं सुमारें २ कोटि ४६ लाख घरें रिकामीं होतीं. केवळ शहरांपुरतें बोलावयाचें तर रिकाम्या घरांचा आकडा १ कोटि ११ लाखांच्या आसपास भरतो. दहा वर्षांपूर्वीं, म्हणजे २००१ सालीं, तो सुमारें ६५ लाख होता. केंद्र सरकारच्या २०१७-१८ च्या आर्थिक पाहणींत याच आकड्यांचा विचार केलेला आहे. तींत महाराष्ट्राचा वांटा सुमारें २० लाख घरांचा असून तो सर्व राज्यांत मोठा आहे. एकट्या मुंबईंत ४ लाख ८० हजार घरें रिकामीं होतीं व तिच्यामागून दिल्ली व बंगळूर हीं शहरें प्रत्येकीं सुमारें ३ लाख घरें घेऊन उभीं होतीं. असा पहिला क्रमांक प्रगतिपुस्तकांत कोणाहि पालकास आवडणार नाहीं.

आतां दुसरी बाजू. २०१२ सालीं प्रा. अमिताभ कुंडू यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीनें शहरांतील घरांचा तुटवडा १ कोटि ८८ लाख एवढा ठरविला. हा आकडा नीट उलगडून पाहिला म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते. त्यांत डोक्यावर छप्परच नाहीं अशीं कुटुंबें सुमारें ५ लाख ३० हजार. आणि आहे त्या घरांत दाटीवाटीनें कोंडलेलीं कुटुंबें जवळजवळ दीड कोटि! अर्थात् आपल्याकडील टंचाई ही मुख्यत्वें दाटीची टंचाई आहे. शिवाय या तुटवड्याचा शेंकडा ९५ हून अधिक भाग दुर्बल व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांच्या वांट्यास आलेला आहे.

येथें एखादा हुशार विद्यार्थी लगेच वजाबाकी करावयास बसेल: १ कोटि ८८ लाखांतून १ कोटि ११ लाख वजा केले कीं उरलेलीं घरें बांधलीं म्हणजे झालें. परंतु ही वजाबाकी पाटीवरच शोभते. जनगणनेच्या भाषेंत ‘घर’ या शब्दांत दुकान, गोदाम, कचेरी हीं सर्व येतात. त्यामुळें रिकामीं म्हणून मोजलेलीं सर्वच घरें राहण्याचीं होतीं असें नव्हे. उलट, जेथें कोणी राहतें पण गणकाच्या भेटीच्या वेळीं दारास कुलूप होतें, अशीं घरें रिकाम्यांत न धरतां निराळीं नोंदलीं गेलीं. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, रिकामें घर आणि गरजू कुटुंब हीं क्वचितच एका गांवांत, आणि त्याहूनहि क्वचित् एका भावांत, भेटतात. कर्जतजवळच्या टेकडीवरील बंगला रिकामा आहे एवढ्यानें शांतिनगरांतील विणकराची सोय होत नाहीं.

आपल्या शहराचेंच पाहा. भिवंडीची लोकसंख्या २०११ सालीं ७ लाख ९ हजारांवर होती. त्यांत उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून मागांवर काम करण्यासाठीं आलेल्या आणि कुटुंब गांवीं ठेवून एकट्यानें राहणाऱ्या पुरुषांचा भरणा मोठा. त्यांचें जेवण भिशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या खाणावळींत, आंघोळ सामाईक नळावर, आणि निजणें वर सांगितल्याप्रमाणें पाळीनें. ज्यांनीं कुटुंब येथें आणलें त्यांची स्थिति याहून बरी असली तरी ती फार बरी आहे असें म्हणवत नाहीं. २१ सप्टेंबर २०२० च्या पहांटे पटेल कंपाउंडमधील जिलानी नांवाची तीन मजली इमारत झोंपलेल्या माणसांसह कोसळली व सुमारें चाळीस माणसें प्राणांस मुकलीं. त्यांत लहान मुलें बरींच होतीं. इमारतीस पूर्वींच नोटीस दिली होती, असें त्या वेळीं महापालिकेकडून सांगण्यांत आलें. पुढें २९ एप्रिल २०२३ रोजीं वळपाडा येथें खालीं गोदाम व वर बिऱ्हाडें अशी एक इमारत पडली आणि आठ जण दगावले.

अशा प्रसंगीं सुखवस्तु लोकांच्या तोंडून एक प्रश्न हटकून निघतो: ‘नोटीस लागली होती तर हे लोक तेथें राहिले तरी कशाला?’ हा प्रश्न ज्यास सुचतो त्यानें अलीकडे कधीं बिऱ्हाड बदललें नसावें. नवी खोली घ्यावयाची म्हणजे अनामत रक्कम हवी, दलालास एक महिन्याचें भाडें हवें, सामान हलविण्यास टेंपो हवा; मागापासून खोली लांब पडली तर रिक्षाचें भाडें रोजचें, आणि मुलांची शाळा वर्षाच्या मध्यावर बदलणें कोणत्याहि पालकास नकोसें वाटतें. त्यांतून येथें ‘हेवी डिपॉझिट’ नांवाचा एक प्रकार आहे. कित्येक कुटुंबांनीं कांहीं लाख रुपये मालकाच्या हातांत एकरकमी ठेवून बिनभाड्याचें घर घेतलेलें असतें. इमारत सोडावयाची तर ती रक्कम परत मिळाली पाहिजे, आणि मालकानें ती केव्हांच दुसरीकडे गुंतविलेली असते. मग कुटुंब भिंतीवरील भेगांत सिमेंट भरतें आणि पावसाळा कसा तरी काढतें.

आतां कुलूपबंद घरांकडे वळूं. त्या सर्वांस एकाच मापानें मोजणें अन्यायाचें होईल. कोंकणांतील घराचीच गोष्ट घ्या. आपल्या शाळेंतील पुष्कळ विद्यार्थ्यांच्या आजोबांचें घर दापोली, संगमेश्वर, कणकवली, वेंगुर्लें अशा एखाद्या तालुक्यांत असेल. वर्षांतून दोनदां, शिमग्यास व गणपतीस, त्याचें दार उघडतें. दिवे लागतात, पडवींत चपलांचा ढीग पडतो, चुलीवर भाताचा मोठा टोप चढतो. आणि आठ-दहा दिवसांनीं पुन्हां कडी-कुलूप. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढत असतां रत्नागिरी जिल्ह्याची १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली व सिंधुदुर्गाची ८ लाख ६९ हजारांवरून ८ लाख ५० हजारांवर आली. रत्नागिरींत त्या वर्षीं दर हजार पुरुषांमागें ११२२ स्त्रिया होत्या. पुरुष कोठें गेले हें निराळें सांगावयास नको. गिरण्यांच्या काळापासून मुंबईची चाळ भरत गेली आणि कोंकणांतील माजघर ओस पडत गेलें.

हें घर कोणी हौसेनें रिकामें ठेवलेलें नाहीं. तें विकावें तर सातबाऱ्यावर अकरा चुलत भावंडांचीं नांवें. दुरुस्त करावें तर खर्च कोणीं किती सोसावयाचा यावर एकमत नाहीं. भाड्यानें द्यावें तर त्या गांवांत भाडेकरी येणार कोठून? दरसाल कौलें चाळावीं लागतात, एक पावसाळा चुकला कीं वाशांस वाळवी लागते आणि तिसऱ्या वर्षीं मागची पडवी बसते. जपानांत २०२३ च्या पाहणींत सुमारें ९० लाख घरें, म्हणजे एकूण घरांच्या शेंकडा १३.८, रिकामीं आढळलीं. तेथेंहि खेड्यांतील वडिलोपार्जित घराची अशीच कथा आहे. असल्या घरावर दंड बसवून भिवंडींतील एकाहि कामगारास खोली मिळणार नाहीं. म्हणून माझ्या मतें तें या वादांतून अजिबात वगळलें पाहिजे; त्याचें दुःख निराळें आहे आणि त्यावर उपायहि निराळा शोधावा लागेल.

दुसरा प्रकार सुटीच्या घरांचा. लोणावळें, पांचगणी, कर्जत, नेरळ, अलिबाग या बाजूस मुंबई-पुण्याच्या श्रीमंतांचे बंगले व अलीकडे मध्यम स्थितींतील लोकांचे लहान फ्लॅट पुष्कळ झाले आहेत. भाऊच्या धक्क्याहून मांडव्यास मोटारी नेणारी बोट मार्च २०२० मध्यें सुरू झाली, तेव्हांपासून तर अलिबाग म्हणजे मुंबईचें उपनगरच मानूं लागले आहेत. बंगल्याचा मालक वर्षांतून वीस-पंचवीस दिवस येतो. उरलेले दिवस तेथें माळ्याचें कुटुंब आउटहाउसच्या एका खोलींत राहून दहा खोल्यांचीं दारें पुसतें. गोव्यांत ही गोष्ट टोंकास गेली आहे. २०११ च्या जनगणनेंत तेथील दर पांच घरांमागें एकाहून थोडें अधिक घर रिकामें होतें, आणि हें प्रमाण देशांत सर्वांत मोठें होतें. त्यांत परदेशीं गेलेल्या गोंयकारांचीं जुनीं घरें आहेत, त्याचप्रमाणें दिल्ली-मुंबईच्या लोकांनीं घेतलेले सुटीचे फ्लॅटहि आहेत. जें घर डिसेंबरांत पाहुण्यांस रोजच्या दरानें देतां येतें, तें वर्षभराच्या भाड्यानें नोकरदार कुटुंबास देण्याची मालकास इच्छा राहत नाहीं. कळंगुट-कांदोळीकडील शिक्षकास किंवा परिचारिकेस मग दूरच्या गांवाहून बसनें यावें लागतें.

पाहुण्यांस घर देणें वाईट आहे, असें मात्र मला म्हणावयाचें नाहीं. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ‘निवास व न्याहारी’ योजना आहे. तींत मालक आपल्या घरांत राहून एक-दोन खोल्या प्रवाशांस देतो, त्यास चार पैसे मिळतात व गांवची वस्ती कायम राहते. मालक राहत असलेल्या घरांतील खोली पाहुण्यास देणें आणि इमारतच्या इमारत पाहुण्यांसाठीं राखून गांवच्या माणसास बाहेर ठेवणें, यांत जो भेद आहे तो कायद्यानें ओळखला पाहिजे. स्पेनमधील बार्सिलोना शहरानें २०२४ सालीं, पर्यटकांस दिल्या जाणाऱ्या सुमारें १० हजार फ्लॅटांचे परवाने २०२८ पर्यंत संपविण्याचें जाहीर केलें. गोव्यास किंवा अलिबागेस एवढें टोंकाचें पाऊल टाकावें लागूं नये, अशी इच्छा असेल तर आजच पावलें टाकलीं पाहिजेत.

परंतु भिवंडीच्या दृष्टीनें खरा महत्त्वाचा प्रकार तिसराच आहे. शहरांत किंवा शहराच्या वेशीवर, रस्ता-पाणी-वीज असलेल्या ठिकाणीं, भाव चढेल या आशेनें घेतलेला आणि कुलूप लावून ठेवलेला फ्लॅट! पूर्वीं गृहस्थ मुलीच्या लग्नासाठीं सोनें घेऊन ठेवी. आतां तो फ्लॅट घेऊन ठेवतो. सोन्याची पाटली डब्यांत राहिल्यानें कोणाची अडचण होत नाहीं. फ्लॅट डब्यांत ठेवतां येत नाहीं. तो जमीन अडवितो, पाण्याची जोडणी अडवितो, आणि राहावयास येऊं पाहणाऱ्यासाठीं भाव चढवितो.

हा मालक लोभी आहे असें म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण त्याच्याजवळ बसून विचारलें तर तो एकच गोष्ट सांगतो: ‘भाडेकरी शिरला कीं निघत नाहीं.’ ही भीति कोठून आली हें समजण्यास थोडा इतिहास पाहिला पाहिजे. पहिल्या महायुद्धांत मुंबईंत भाडीं भडकलीं, तेव्हां १९१८ सालीं भाडें नियंत्रणाचा पहिला कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ सालीं मुंबई सरकारनें जो कायदा केला, त्यानें भाड्याची पातळी १ सप्टेंबर १९४० च्या भाड्यास बांधली आणि भाडेकऱ्यास काढून लावणें अतिशय कठीण करून ठेविलें. तो काळ फाळणीचा व निर्वासितांचा होता. त्या वेळीं हा कायदा नसता तर हजारों कुटुंबें रस्त्यावर आलीं असतीं, हें मान्य केलेंच पाहिजे. परंतु तात्पुरता म्हणून केलेला हा कायदा मुदतीमागून मुदत मिळून पन्नास वर्षें चालला. भाडें चाळीस सालचें, दुरुस्तीचा खर्च चालू सालचा. तेव्हां मालकानें चाळ दुरुस्त करणें सोडलें, भाड्यानें देण्यासाठीं नवी चाळ बांधणें सोडलें, आणि पागडी नांवाचा चोरटा व्यवहार मात्र भरभराटीस आला. १९९७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी झाल्याचा निर्णय दिला. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा होऊन तो ३१ मार्च २००० पासून अंमलांत आला. त्यानें वर्षास शेंकडा ४ भाडेवाढीस मुभा दिली, करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे असें ठरविलें, आणि ‘लिव्ह अँड लायसन्स’च्या करारानें दिलेलें घर मुदतीनंतर परत मिळविण्याचा वेगळा मार्ग ठेविला. कायदा पालटला, भय मात्र उरलें. वडिलांच्या काळांत चुलत्याची खोली कशी गेली, ही हकीकत घरोघर सांगितली जाते. नव्या कायद्याचीं कलमें कोणी सांगत नाहीं. १९६१ सालीं शहरांतील घरांपैकीं शेंकडा ५४ घरें भाड्याचीं होतीं, २०११ सालीं तें प्रमाण २८ वर आलें.

भयाच्या जोडीला आपले नियम आहेत, आणि या गोष्टीकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. गृहनिर्माण सोसायटींतील सभासदानें आपला फ्लॅट भाड्यानें दिला तर सोसायटी त्याजकडून बिनभोगवटा शुल्क घेते. १ ऑगस्ट २००१ च्या सरकारी आदेशानें तें सेवाशुल्काच्या शेंकडा १० पर्यंत मर्यादित झालें आहे. पूर्वीं कित्येक सोसायट्या मनास येईल तें आकारीत. आतां गंमत पाहा: तोच फ्लॅट त्यानें कुलूप लावून दहा वर्षें ठेवला तर हें शुल्क नाहीं! म्हणजे ज्यानें एका कुटुंबाची सोय केली त्यास अधिक पैसे, आणि ज्यानें कोणाचीच केली नाहीं त्यास माफी. प्राप्तिकराचेंहि तसेंच. पूर्वीं स्वतःच्या राहत्या घराव्यतिरिक्त दुसरें घर रिकामें असलें तरी त्याचें काल्पनिक भाडें धरून त्यावर कर द्यावा लागे. २०१९ च्या अर्थसंकल्पानें दुसऱ्या घरासहि ती सूट दिली. नोकरीमुळें ज्यांचें कुटुंब दोन गांवीं विभागलें आहे त्यांच्यासाठीं ही सवलत दिल्याचें तेव्हां सांगण्यांत आलें, आणि त्यांना ती मिळावी हें योग्यच. परंतु तिचा लाभ केवळ भाव चढण्याची वाट पाहणाऱ्यासहि तितकाच मिळतो. जुन्या महापालिका-कायद्यांत तर रिकाम्या मिळकतीच्या मालकास घरपट्टीचा कांहीं भाग परत मागण्याची तरतूद होती. एवढे सगळे नियम कुलपाच्या बाजूनें असतां मालकानें कुलूप लावलें तर दोष त्यास एकट्यास कसा द्यावा?

नियमांपलीकडे आणखी एक गोष्ट आहे, आणि ती लिहितांना लेखणी थोडी अडखळते. घर भाड्यानें द्यावयाचें ठरविल्यावर मालक व सोसायटी यांचे प्रश्न सुरू होतात: आडनांव काय? धर्म कोणता? मांस-मच्छी शिजवितां काय? लग्न झालें आहे काय? भिवंडी हें अनेक भाषांचें व अनेक धर्मांचें शहर. येथें एकाच मागावर तेलुगु विणकरी, उर्दू बोलणारा फिटर आणि मराठी मुकादम दिवसभर एकत्र काम करतात, आणि सायंकाळीं खोली शोधावयास निघाले कीं तिघांस तीन निरनिराळ्या गल्ल्या दाखविल्या जातात. अशा निवडींत कित्येक फ्लॅट महिनोन्महिने रिकामे पडून राहतात. मालकास ‘आपल्यासारखा’ भाडेकरी मिळेपर्यंत तो थांबतो. ज्यांच्या घरांत हे प्रश्न विचारले जातात तीं मुलें शाळेंत एकाच बाकावर बसतात, एवढें येथें नमूद करून पुढें जातों.

खाजगी मालकांस एवढें बोलल्यावर सरकारासहि सोडतां येत नाहीं. २०२० सालीं टाळेबंदींत मागांचा खडखडाट थांबला, कामगारांची मजुरी बुडाली, खोलीचें भाडें मात्र थांबलें नाहीं. २ मे २०२० रोजीं भिवंडी रोड स्थानकांतून गोरखपूरकडे कामगारांची खास आगगाडी सुटली. या हालअपेष्टांनंतर जुलै २०२० मध्यें केंद्र सरकारनें परप्रांतीय कामगारांसाठीं भाड्याच्या घरांची योजना मंजूर केली. त्या वेळीं असें उघड झालें कीं, सरकारी पैशानें बांधलेलीं सुमारें १ लाख ८ हजार घरें देशांत रिकामींच पडलेलीं होतीं! आपल्या वेशीवर याचें उदाहरण आहे. भिवंडी बाह्यवळण रस्त्यालगत रांजणोली येथें मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या भाडेतत्त्वावरील घरांच्या योजनेंत उंच इमारती उभ्या राहिल्या. भाड्यानें देण्यासाठीं बांधलेलीं हीं घरें भाड्यानें दिलींच गेलीं नाहींत. पुढें तेथील बाराशेंहून अधिक घरें गिरणी कामगारांस द्यावयाचें ठरलें. मग करोनाच्या सांथींत तेथें विलगीकरण केंद्र झालें. आणि त्यानंतर दुरुस्तीचा खर्च कोणीं करावयाचा, या प्रश्नावर वर्षें गेलीं. त्याच सुमारास येथून थोड्या अंतरावर जिलानी इमारत पडली होती, हें वाचकांनीं आठवावें.

आतां करावयाचें काय? कॅनडांतील व्हँकूव्हर शहरानें २०१७ पासून, वर्षांतून निदान सहा महिने ज्यांत कोणी राहत नाहीं अशा घरावर त्याच्या किंमतीच्या शेंकडा १ कर बसविला व पुढें तो ३ पर्यंत वाढविला. तेथील रिकाम्या घरांची संख्या त्यानंतर घटत गेली. वेल्समध्यें एप्रिल २०२३ पासून स्थानिक संस्थांस रिकाम्या व दुसऱ्या घरांवर नेहमींच्या करावर ३०० टक्क्यांपर्यंत जादा कर लावण्याची मुभा मिळाली. या गोष्टी जशाच्या तशा उचलून येथें आणाव्या असें मी म्हणत नाहीं. ज्या देशांत घराची नोंद, वीजमीटर व मालकाचें नांव हीं तिन्ही एकमेकांशीं जुळतात तेथें असा कर बसविणें सोपें. आपल्याकडे कागदावरील मालक, खरा मालक आणि मीटरवरील मालक हे पुष्कळदां तीन निराळे गृहस्थ असतात. तरी महापालिकेच्या हद्दींत, एक वर्षाहून अधिक काळ बंद असलेल्या फ्लॅटावर माफक जादा घरपट्टी आकारण्यास अडचण कोणती? आजार, बदली, कोर्टांतील वाद, दुरुस्ती अशा खऱ्या कारणांस सूट असावी. आणि भाड्यानें दिलेल्या फ्लॅटावरील सोसायटीचें शुल्क उलट पूर्णपणें बंद करावें.

‘घर माझें, पैसा माझा, कुलूप लावीन नाहींतर दार उघडें ठेवीन, तुम्ही कोण विचारणार?’ असें कोणी म्हणेल. त्यास उत्तर एवढेंच कीं, ज्या भावाच्या आशेनें हें कुलूप लावलेलें आहे तो भाव मालकानें वाढविलेला नाहीं. ठाणें-भिवंडी-कल्याण मेट्रोची घोषणा झाली आणि तिच्या वाटेवरील फ्लॅटांच्या जाहिरातींत स्थानकाचें अंतर मोठ्या अक्षरांत छापलें जाऊं लागलें. मेट्रो लोकांच्या पैशानें बांधली जाते. त्या लोकांत पाळीनें निजणारा विणकरीहि आहे, कारण साबणाच्या वडीवर तोहि कर देतो. लोकांच्या पैशानें वाढलेल्या किंमतीचा थोडा भाग लोकांनीं मागितला तर तें लुटणें कसें?

कराबरोबरच भयाचा उपाय हवा. नाहींतर मालक जादा पट्टी भरील आणि कुलूप तसेंच ठेवील. केंद्रीय मंत्रिमंडळानें २ जून २०२१ रोजीं आदर्श भाडेकरार कायद्याचा मसुदा संमत केला. राहण्याच्या घरासाठीं अनामत दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी आणि वादांचा निकाल वेगळ्या भाडे प्राधिकरणानें व न्यायालयानें ठराविक मुदतींत लावावा, असें त्यांत आहे. या दोन तरतुदी भिवंडीस फार उपयोगी पडतील. पहिलीनें कुटुंबाची सर्व पुंजी मालकाच्या हातांत अडकणार नाहीं, आणि दुसरीनें मालकास दहा वर्षें कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार नाहींत. भाडेकऱ्याचें संरक्षण काढून घ्या, असा याचा अर्थ मुळींच नव्हे. संरक्षण इतकें वेळखाऊ असूं नये कीं त्याच्या धाकानें दारच उघडूं नये, एवढाच आहे.

२०२१ सालची जनगणना लांबली. ती २०२७ सालीं पुरी करण्याचें सरकारनें २०२५ मध्यें जाहीर केलें. गणकानें बंद घरापुढें केवळ ‘रिकामें’ असा शेरा न मारतां तें किती काळ व कोणत्या कारणानें बंद आहे, हें शेजाऱ्यास विचारून टिपलें, तर कोंकणांतील वडिलोपार्जित घर आणि काल्हेरचा सट्ट्याचा फ्लॅट एकाच रकान्यांत पडणार नाहींत.

पण जनगणनेची वाट न पाहतां आपल्या महापालिकेस एक गोष्ट करतां येण्यासारखी आहे. दर पावसाळ्यापूर्वीं अतिधोकादायक इमारतींची यादी प्रसिद्ध होते आणि तेथील कुटुंबांस घर सोडण्याची नोटीस लागते. जातां येईल अशी जागा त्या नोटिशींत लिहिलेली नसते. महापालिकेनें शहराच्या हद्दींतील बंद फ्लॅट मालकांच्या संमतीनें जून ते ऑक्टोबर एवढ्याच मुदतीसाठीं स्वतःच्या नांवानें भाड्यानें घ्यावे. भाडें बंद घरांवरील जादा पट्टींतून द्यावें. करार कुटुंबाशीं न होतां महापालिकेशीं व्हावा, म्हणजे ‘शिरला कीं निघत नाहीं’ ही मालकाची तक्रार उरणार नाहीं. आणि दिवाळीपूर्वीं रंग देऊन किल्ली परत करण्याची हमी आयुक्तांच्या सहीनें द्यावी. पहिल्या वर्षीं पन्नास फ्लॅट मिळाले तरी पुष्कळ झाले. पन्नास फ्लॅटांत अडीचशें माणसें राहूं शकतात. यंदाची यादी तयार होईल तेव्हां तिच्या शेजारीं बंद घरांचीहि एक यादी असावी, असा अर्ज आपल्या प्रभागांतील नगरसेवकाकडे पालकांनीं मार्च महिन्यांतच दिला पाहिजे. मे महिन्यांत दिलेला अर्ज पाऊस पडून गेल्यावर वाचला जातो.